उजेडाचा हिशेब (भाग ११) : चाळिसातले सत्तावीस

या शनिवारी उन्हाचे तास घेणार होतो, ते पुढे ढकलतो. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न ओलांडून पुढे जाणं मला जमेना. त्या विचारतात, शेजाऱ्याच्या खिडकीचा व्हीएससी, म्हणजे तिला मिळणाऱ्या आभाळाच्या उजेडाचं माप, २७ टक्के राहिला की लंडनमध्ये नव्या इमारतीला हरकत उरत नाही, हे कसं? त्यांनी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत. शंभरात सत्तावीस म्हणजे नापास. एवढ्या थोडक्यावर ती माणसं समाधान कशी मानतात?

बाई, ते सत्तावीस शंभरातले नाहीत, चाळिसातले आहेत. दहा भाग लिहून झाले आणि ही गोष्ट मी एकदाही नीट सांगितली नव्हती.

खिडकीच्या मध्यावर, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, आभाळातून थेट किती उजेड पडतो ते एकीकडे धरायचं. मोकळ्या माळावर आडव्या ठेवलेल्या कागदावर किती पडतो ते दुसरीकडे. पहिल्याचं दुसऱ्याशी प्रमाण म्हणजे व्हीएससी. माळावरच्या कागदाला अख्खं आभाळ दिसतं, भिंतीवरच्या कागदाला अर्धं. म्हणजे समोर काहीही नसलं तरी निम्मं आधीच गेलं. मग पन्नास तरी यावेत, चाळीसच का? कारण हा हिशेब पूर्ण ढगाळ आभाळाचा आहे, आणि ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. मून आणि स्पेन्सर या दोघांनी १९४२ साली त्याचं सूत्र मांडलं आणि पुढे १९५५ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ते स्वीकारलं. त्या सूत्राप्रमाणे डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळाच्या तिप्पट उजळ असतं. आडवा कागद त्या उजळ भागाकडे तोंड करून असतो. उभ्या कागदाला तोच उजेड अगदी तिरपा लागतो आणि समोरून मिळतो तो क्षितिजाकडचा मंद उजेड. बेरीज केली की ३९.६ येतात. त्याहून जास्त मार्क कुठल्याच उभ्या खिडकीला नाहीत.

माझा स्वतःचा यावर विश्वास बसला तो पुण्यात, आमच्या गच्चीवर. आषाढातली दुपार होती, आभाळ गच्च भरलेलं, सावली कुठे पडतच नव्हती. लक्समीटर गच्चीच्या मधोमध आडवा ठेवला तर आकडा बारा हजारांच्या आसपास. तोच जिन्याच्या खोलीच्या भिंतीला टेकवून उभा धरला तर सहा हजारांच्या वर. म्हणजे पन्नास टक्क्यांहूनही जास्त! थोडा वेळ काही सुचेना. मग लक्षात आलं, खालची ओली, पांढुरकी फरशी उजेड परतवतेय आणि व्हीएससीत परतलेला उजेड धरत नाहीत. घरातली काळी घोंगडी आणून भिंतीच्या पायाशी अंथरली. आकडा पाच हजारांच्या खाली उतरला. चाळिसाच्या जवळ! इतकी वर्षं जो आकडा पडद्यावर पाहत आलो, तो त्या दिवशी हातात धरल्यासारखा वाटला.

हे चाळीस माहीत नसले की काय होतं, ते लंडनच्या एका बरोच्या प्लॅनिंग कमिटीत पाहिलंय. नव्या इमारतीमुळे समोरच्या घरातल्या एका गृहस्थांच्या खिडकीचा व्हीएससी ३१ वरून २४ वर येणार होता. ते उठून म्हणाले, माझा फक्त चोवीस टक्के उजेड उरणार, बाकीचा गेला. बिल्डरचा माणूस म्हणाला, साहेब, सातच टक्के जातोय. दोघंही मनापासून बोलत होते आणि दोघंही चुकत होते. होता त्यातला किती उरला, हे पाहायचं असतं. ३१ मधले २४ उरले म्हणजे सुमारे ७७ टक्के उरला, २३ टक्के गेला. बीआरई या ब्रिटनच्या इमारत-संशोधन संस्थेच्या पुस्तिकेत २७ ही पहिली कसोटी, आणि दुसरी हीच आहे : व्हीएससी २७ च्या खाली गेला आणि आधीच्या ०.८ पटीपेक्षाही कमी झाला, तर घरातल्या माणसाला फरक जाणवेल. म्हणजे गृहस्थांची तक्रार रास्त होती, त्यांनी सांगितलेला आकडा तेवढा चुकीचा होता. त्या बैठकीपासून माझ्या प्रत्येक तक्त्याखाली मी एक ओळ घालत आलोय : 'कमाल शक्य : ४०'. हे न सांगता सामान्य माणसापुढे टक्के ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आता सत्तावीसच का? समोर लांबच लांब सलग इमारत आहे असं धरा. खिडकीच्या मध्यातून तिच्या माथ्यापर्यंत २५ अंशांचा कोन होत असेल, तर चाळिसातले सत्तावीस उरतात. २५ अंश म्हणजे पंधरा मीटर अंतरावर खिडकीच्या वर सात मीटर उंची. समोरासमोर दुमजली, उतरत्या छपरांची घरं आणि मधे बऱ्यापैकी रुंद रस्ता, असं उपनगरातलं चित्र त्या आकड्यात बसलेलं आहे. म्हणून तो जसाच्या तसा शहराच्या जुन्या गाभ्यात लावता येत नाही. पुस्तिकेतच म्हटलंय की हे आकडे सल्ला म्हणून आहेत, सक्ती म्हणून नाहीत. जुन्या गल्लीबोळांत समोरचा कोन चाळीस अंशांच्या घरात असेल, तर १८ हेच तिथलं लक्ष्य धरता येईल, असं उदाहरणही एका परिशिष्टात दिलंय. माझ्या मते पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं परिशिष्ट हेच, आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारंही.

हे लिहिताना मुंबईचा कोन आठवल्यावाचून राहत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिलं आणि ६३.५ अंशांचा नियम हिरिरीने मांडला. इतका कोन म्हणजे इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी. आपल्याच सूत्रात तो घालून पाहिला, तर तळमजल्याच्या वाट्याला जेमतेम सहा येतात. पाचाच्या खाली मात्र सगळी भिंत काचेची केली तरी पुरेसा उजेड मिळणं बऱ्याचदा अशक्य, असं बीआरई सांगतं. तरीही ऑरचा नियम कंजूष म्हणू नये. भिंतीला भिंत लागलेल्या त्या दाटीत निम्मी जागा मागणं हेच मोठं धाडस होतं. शिवाय मुंबईचं आभाळ वर्षातले आठ महिने ढगाळ सूत्रात बसत नाही. समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर ऊन पडलं की तीच भिंत खोलीला उजेड देते.

पावसाळ्यात मात्र ते सूत्र मुंबईलाही लागू पडतं. गिरगावच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर आजी श्रावणात तांदूळ निवडायला सूप घेऊन थेट उंबऱ्यावर येऊन बसायची. हातभर आत सरकली तर खडा कुठला नि कणी कुठली, तिला ओळखू यायचं नाही. तिच्या जागेवर बसून वर पाहिलं की दोन चाळींच्या मधे आभाळाची एक पट्टी दिसायची, साधारण पंचाएवढी.

उन्हाचे तास पुढच्या शनिवारी, २१ मार्चपासून सुरुवात करून. तोवर बाईंनी आणि ज्यांच्याकडे मीटर असेल त्यांनी गच्चीवरचा प्रयोग करून पाहावा. दिवस पूर्ण ढगाळ हवा. काळी घोंगडी विसरू नका.