प्रौढ वयात परिचर्या शिक्षण : प्रवेशापूर्वीची तयारी

आपल्या रुग्णालयाच्या शुश्रूषा विभागाकडे दरवर्षी काही प्रौढ स्त्रिया, व अलीकडे काही पुरुषही, एकच प्रश्न घेऊन येतात : "आता या वयात मला नर्सिंग करता येईल का?" कोणी पतीच्या दीर्घ आजारपणात आपल्याच कक्षात महिनोन्‌महिने बसलेली असते, कोणी बालवाडीत शिकवीत असते, कोणी आपल्याच रुग्णालयात आया म्हणून काम करीत असते. दुसरीकडे काही देणगीदारही विचारतात, की अशा एखाद्या होतकरू व्यक्तीस साहाय्य करावयाचे झाल्यास ते नेमके कशासाठी करावे. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे टिपण.

वय वाढलेल्या माणसाने या व्यवसायात शिरू नये, हा समज मुळात जुना नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून विद्यालय सुरू झाले, तेव्हा उमेदवार २५ ते ३५ वर्षांच्या असाव्यात अशी अपेक्षा होती. स्वतः नाइटिंगेल जर्मनीतील कैसरवर्थ येथे शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांचे वय ३१ होते. आपल्याकडे रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली स्थापिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व प्रौढ स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. त्या काळी परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे कुलीन स्त्रीचे काम मानले जात नव्हते. आज अडचण समाजाच्या भुवयांची फारशी उरलेली नाही. ती कागदांची, हिशेबाची व घरखर्चाची आहे.

प्रथम पात्रता. जनरल नर्सिंग व मिडवाइफरी, म्हणजे जी.एन.एम., हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून इंग्रजीसह बारावी किमान ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यास खुला आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम स्त्रियांसाठी आहे. म्हणजे कला शाखेतून बारावी झालेल्या बाईंना जी.एन.एम.चा मार्ग मोकळा आहे, आणि नोंदणी झाल्यावर पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवीही घेता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत या प्रवेशांसाठी वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे धरलेली आहे. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी "मुलीची दहावी झाली की पाहू" असे म्हणणाऱ्या बाईंना आम्ही म्हणूनच वडीलकीने थोडे टोचून बोलतो. २०२३ साली संसदेने या क्षेत्रासाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संमत केला असल्याने, ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजारच्या मुलीला मागे काय सांगितले होते यावर विसंबू नये.

येथे एक धोका स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात 'नर्स' करून देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती बसथांब्यांवर चिकटवलेल्या दिसतात. रुग्णसेवेच्या मदतनिसाचे काम शिकविणारे अल्पमुदतीचे वर्ग असतात व त्यांचा त्यांच्यापुरता उपयोगही आहे. परंतु त्यांतून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून नेमणूक होत नाही. दागिने गहाण टाकून असा दाखला घेतलेल्या स्त्रिया आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना खरे सांगणे फार जड जाते. पैसे भरण्यापूर्वी विद्यालयाची मान्यता व त्या वर्षाची प्रवेशक्षमता तपासावी, एवढे जरी या टिपणातून पोहोचले तरी पुरे आहे.

कागदपत्रांत प्रौढांना हमखास अडविणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, शिक्षणातील खंडाविषयीचे प्रतिज्ञापत्र, ज्यास सर्वजण 'गॅप' म्हणतात. दुसरी, विवाहानंतर बदललेले नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि अधिवासाचा व जातीचा दाखला तिसऱ्याच नावाने, असा प्रकार नेहमीचा आहे. ही जुळवाजुळव प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. तिला काही महिने द्यावे लागतात.

अभ्यासाची भीती बहुतेकींना शरीररचनाशास्त्राची वाटते. आमचा अनुभव असा, की पाठांतर जमते. अडते ते साधे गणित. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिले, बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम आहे, तर किती ओढावयाचे? अडीच मिलिलिटर. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत जावयाचे असून नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तर मिनिटाला थेंब किती? पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, भागिले २४० मिनिटे, म्हणजे सुमारे ४२. हे घड्याळाकडे पाहत, चार नातेवाईक प्रश्न विचारीत असताना, मनातल्या मनात करावे लागते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते. म्हणूनच अर्धा लिहिताना चिन्हाच्या आधी शून्य लिहिण्याचा दंडक आहे, अन्यथा पुसट बिंदू न दिसता पाच वाचले जाते. इन्शुलिनची गोष्ट त्याहून नाजूक. मिलिलिटरला १०० युनिट असलेले इन्शुलिन ४० युनिटांच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. ही चूक क्षमा करणारी नाही. ज्यांना प्रवेश घ्यावयाचा आहे त्यांनी त्रैराशिक, टक्केवारी व दशांश यांची पाचवी ते सातवीची पुस्तके घरातल्या मुलांकडून मागून घ्यावीत व रोज अर्धा तास उदाहरणे सोडवावीत. लाजण्याचे कारण नाही.

इंग्रजीचेही तसेच. व्याख्यानात मराठी कानी पडते, पण पुस्तके व रुग्णाची नोंद इंग्रजीत असते. औषधांच्या वेष्टनावरील मजकूर मोठ्याने वाचणे ही चांगली सवय आहे.

प्रवेशापूर्वीच करावयाची, व बहुधा विसरली जाणारी, एक बाब म्हणजे हिपॅटायटिस-बी लस. तिच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने व सहा महिन्यांनी घ्यावयाच्या असतात. विद्यार्थिनीच्या हाती सुई येण्यापूर्वी संरक्षण पूर्ण व्हावे असे वाटत असेल, तर प्रवेशाची आशा धरल्या दिवशीच पहिली मात्रा घेणे शहाणपणाचे.

"मी सासूबाईंचे सहा वर्षे केले आहे, मला सगळे येते," असे पुष्कळजणी सांगतात. त्या सेवेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु घरची सेवा व प्रशिक्षित शुश्रूषा यांत कधी कधी विरोध असतो. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या रुग्णास मायेने घोटभर चहा पाजणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरचीच असते. भुलीच्या अवस्थेत पोटातील पदार्थ उलटून फुप्फुसात गेल्यास काय होते, हे तिला ठाऊक नसते. शिवाय आपल्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टरने सर्वांसमोर चूक दाखविली तर ती ऐकून घ्यावी लागते. वर्गात सगळ्या मुली 'ताई' म्हणतात. कक्षात मात्र ताईपण बाजूला ठेवावे लागते. आमच्या मते ही तयारी गणितापेक्षा कठीण आहे.

राहता राहिला घराचा प्रश्न. तीन वर्षे पगार नाही, बहुतेक ठिकाणी वसतिगृहात राहणे, पुढे रात्रपाळ्या. आपल्या रुग्णालयातील एका आयाबाई, वय ३३, कला शाखेतून बारावी, एकटीच्या पगारावर मुलगी व वृद्ध आई. शुल्काची सोय कोणी तरी करील, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा प्रश्न निराळा होता : "मी शिकत असताना घरचा किराणा कोण भरणार?" देणगीदारांना आमची विनंती याच उत्तरासाठी आहे. शुल्काचा एकदाच दिलेला धनादेश मोलाचाच. परंतु छत्तीस महिने दरमहा मिळणारी लहानशी रक्कम अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण शिक्षण मध्येच सुटते ते घरी चूल अडल्यामुळे. या बाईंनी नावातील तफावतीचे प्रतिज्ञापत्र केले आहे व लसीची दुसरी मात्रा घेतली आहे. रात्रपाळी संपल्यावर त्या परिचारिका कक्षात बसून थेंबांची उदाहरणे सोडवितात व आमच्या सिस्टर ती तपासून देतात.

ज्यांना अशी चौकशी करावयाची आहे त्यांनी शुश्रूषा विभागात दुपारी तीननंतर यावे. सकाळी औषधवाटपाची वेळ असते व तेव्हा कोणाशीही नीट बोलणे होत नाही. येताना बारावीची गुणपत्रिका व जन्मतारखेचा पुरावा सोबत आणावा.