पाणी, पक्षी आणि एक वही

हवामानबदल आणि जैवविविधता हे पुस्तकात दोन धडे असतात, निसर्गात एकच. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर पाहू. गोदावरी-कादवा संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ जागा तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. तुतवार काठच्या चिखलातले किडे टिपतो. बुडी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी लागते. पाऊस लांबून पाणी चढलेलेच राहिले, तर चिखल बुडतो व तुतवाराचे अन्न हरपते. म्हणून पक्ष्यांची नुसती यादी पाठ करून घेण्याऐवजी आम्ही सुचवतो : हिवाळ्यात दर पंधरवड्याला पाऊस, पाण्याची पातळी आणि पक्षी एकाच वहीत नोंदवा. धरणातून पाणी सोडले असल्यास तेही लिहा. एका वर्षावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. म्हणूनच ही वही पुढच्या वर्गाकडे सोपवायला हवी.