कॅट फूडच्या दाण्यांवर अडून बसलेलं मांजर चिकनवर कसं आणावं?

भिलाईच्या मैत्री बाग प्राणिसंग्रहालयातले पांढरे वाघ बघून घरी आले की आमच्या मनीचं हसू येतं. कूळ तेच, पण चिकन पुढे ठेवलं की हुंगते आणि पंजाने माती लोटल्यासारखं करून निघून जाते! मांजरांनी लहानपणी जे खाल्लं तेच त्यांच्या लेखी अन्न.

🐾 उपाशी ठेवून हट्ट मोडू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर मांजराच्या यकृतात चरबी साचते. जिवावर बेतू शकतं.

🐾 दाण्यांचा मिक्सरमध्ये भुगा करा आणि बारीक चिरलेल्या चिकनवर भुरभुरवा. पहिल्या दिवशी चिकन चमचाभरच. मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा.

🐾 फ्रीजमधलं गार नको, कोमट द्या. वास सुटला की निम्मं काम झालं.

🐾 कच्चं देऊ नका. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने दगावले; कच्च्या चिकनमधून लागण झाल्याचा संशय होता. उकडलेलंच द्या; मीठ, हळद, कांदा-लसूण काही नको. शिजवलेली हाडं तर अजिबात नको.

🐾 चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, त्यात टॉरिन उतरतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे १९८७मध्ये सिद्ध झालं.

नुसत्या मांसात कॅल्शियम पुरेसं नसतं. म्हणून दाणे पूर्ण बंद करण्याआधी पशुवैद्यांना विचारा.

तुमचं मांजर कशावर अडून बसलंय?