डेटाबेस सर्व्हरवरील डिस्कचे वाचन-लेखन : मापन व अर्थ

मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे झाला. या पत्रिकेत मातीच्या १२ गुणधर्मांची नोंद असते. अशा नोंदींचा संग्रह करणाऱ्या प्रयोगशाळा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा सर्व्हर खरिपाच्या तोंडावर मंदावला, तर पत्रिका व खतांचा सल्ला शेतकऱ्यापर्यंत उशिरा पोहोचतो. अशा वेळी नवी डिस्क घेण्याचा सल्ला सहज दिला जातो. परंतु माती न तपासता खत देणे जसे योग्य नव्हे, तसेच मापनाविना केलेली ही खरेदीही योग्य नव्हे.

काय मोजावे?

चार बाबी मोजाव्यात : दर सेकंदास होणाऱ्या वाचन व लेखनाच्या मागण्यांची संख्या, दर सेकंदास हाताळलेल्या माहितीचे प्रमाण, प्रत्येक मागणी पूर्ण होण्यास लागलेला सरासरी वेळ आणि रांगेत थांबलेल्या मागण्या.

केवळ माहितीचे प्रमाण पाहिल्यास दिशाभूल होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. अर्ध्या फेऱ्याची सरासरी प्रतीक्षा व वाचक शीर्ष हलण्याचा वेळ धरता विखुरलेल्या एका वाचनास सुमारे १२ ते १३ मिलिसेकंद लागतात. म्हणजेच सेकंदाला जेमतेम ८० वाचने होतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा एक ब्लॉक सामान्यतः ८ किलोबाइटचा असतो. त्या हिशेबाने सेकंदाला अवघी ६४० किलोबाइट माहिती वाचली जात असतानाही डिस्क पूर्णतः व्यग्र असू शकते. म्हणून प्रत्येक मागणीस लागणारा वेळ हा अधिक विश्वसनीय निकष होय.

कसे मोजावे?

लिनक्स प्रणालीवर 'आयओस्टॅट' ही आज्ञा विस्तारित अहवालासह दर ५ सेकंदांनी चालवावी. पहिला अहवाल संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी दर्शवितो, तो वगळावा. डिस्क किती टक्के व्यग्र आहे, हा आकडा चकतीविरहित एसएसडीबाबत जपून वापरावा. ती अनेक मागण्या एकाच वेळी हाताळत असल्याने १०० टक्के म्हणजे क्षमता संपली, असे नव्हे.

डेटाबेस स्वतःही किती ब्लॉक स्वतःच्या मेमरीत सापडले व किती बाहेरून मागवावे लागले, याची मोजणी ठेवतो. हे आकडे वीजमीटरप्रमाणे वाढत जातात. म्हणून दोन वेळच्या नोंदींतील फरक घ्यावा. मापन गर्दीच्या व निवांत अशा दोन्ही वेळी करावे. रात्रीच्या बॅकअपच्या वेळचे आकडे त्यांत मिसळू नयेत.

निष्कर्ष कसा काढावा?

• वाचने व प्रतीक्षा दोन्ही जास्त असल्यास प्रथम इंडेक्स तपासावा. गट क्रमांकावर इंडेक्स नसेल, तर एका शेताची नोंद शोधण्यासाठी संपूर्ण तक्ता वाचला जातो. इंडेक्स योग्य असूनही मेमरीत कमी ब्लॉक सापडत असतील, तर मेमरी वाढविण्याचा विचार करावा.

• लेखनाची प्रतीक्षा जास्त असल्यास नोंदी कशा भरल्या जातात ते पाहावे. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे कायम केल्यास दर वेळी डिस्कवर लेखन पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. शंभर नोंदी एकाच व्यवहारात भरल्यास हा भार पुष्कळ घटतो.

• प्रतीक्षा अल्प असूनही काम संथ असल्यास दोष बहुधा अन्यत्र असतो. नेटवर्क, प्रोसेसर किंवा एकाच नोंदीवर अडलेली अनेक कामे तपासावीत.

हे सर्व उपाय योजूनही प्रतीक्षा कमी न झाल्यास चकतीच्या डिस्कऐवजी एसएसडी घेणे समर्थनीय ठरते. मात्र प्रत्येक बदलापूर्वी व बदलानंतर, तेवढ्याच गर्दीच्या वेळी आकडे नोंदवावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला, हे कळणार नाही.