हौशी रेडिओसाठी आखूड अँटेना : आकार, ऱ्हास व कार्यक्षमता

प्रस्तावना :
डिसेंबर २००४ मधील त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांवरील दळणवळण विस्कळीत झाले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे आधीपासून असलेल्या हौशी रेडिओचालकांच्या पथकाने संदेशवहनाचे काम हाती घेतले. मनोरा किंवा केबल यांच्या आधाराशिवाय लघुलहरींवरील संदेश शेकडो किलोमीटर जातो, हे या माध्यमाचे बळ होय. मात्र हे बळ अँटेनावर अवलंबून असते आणि अँटेनाला जागा लागते. ७.१ मेगाहर्ट्झ या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असल्याने अर्धतरंग द्विध्रुव अँटेनासाठी सुमारे २० मीटर तार ताणावी लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सदनिकाधारकाला ते बहुधा शक्य नसते. म्हणून अँटेना आखूड करण्यावाचून पर्याय उरत नाही. आखूड केल्याने नेमके काय गमावले जाते आणि ते कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आखूडपणाचे परिणाम :
अँटेनातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती एखाद्या रोधात खर्च होते असे मानले, तर त्या काल्पनिक रोधास ‘प्रारण रोध’ म्हणतात. जमिनीवर उभ्या केलेल्या पाव तरंगलांबीच्या, म्हणजे येथे सुमारे साडेदहा मीटर उंचीच्या दांड्याचा प्रारण रोध सुमारे ३६ ओहम असतो. दांडा बराच आखूड झाला की हा रोध उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अडीच मीटर उंचीच्या दांड्यासाठी तो केवळ १.४ ओहम येतो. शिवाय असा दांडा धारित्रासारखा वागतो. सहा मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा हा धारित्रीय परिणाम सुमारे ८८० ओहम भरतो व तो नाहीसा करण्यासाठी सुमारे २० मायक्रोहेन्रीची कॉइल जोडावी लागते.

येथेच ऱ्हासाचा प्रवेश होतो. कॉइलचा गुणवत्तांक २०० धरल्यास तिचा ऱ्हास-रोध ४.४ ओहम होतो. भूसंपर्काचा ऱ्हास-रोध १० ओहम मानल्यास एकूण रोध १५.८ ओहम भरतो. त्यांपैकी उपयोगी रोध केवळ १.४ ओहम असल्याने कार्यक्षमता सुमारे ९ टक्के येते. १०० वॅटपैकी सुमारे ९ वॅट लहरींच्या रूपाने बाहेर पडतात. उरलेले कॉइल व जमीन तापविण्यात जातात.

मापकाचा चकवा :
प्रक्षेपकाला सामान्यतः ५० ओहमचा भार अपेक्षित असतो. भार जुळला आहे की नाही हे स्थिर तरंग गुणोत्तर, म्हणजेच रेडिओचालकांच्या बोलीतील एसडब्ल्यूआर, दाखविते. वरील उदाहरणात भूसंपर्क अधिक निकृष्ट होऊन त्याचा रोध ४४ ओहम झाला, तर एकूण रोध ४९.८ ओहम होईल. मापक १:१ असे आदर्श गुणोत्तर दाखवील, परंतु कार्यक्षमता २.८ टक्क्यांवर आलेली असेल. याउलट भूसंपर्क सुधारून १० ओहमवर आणल्यास कार्यक्षमता तिपटीहून वाढेल, पण मापकावरील गुणोत्तर ३:१ च्या पुढे जाईल. सुधारणेलाच बिघाड समजण्याची चूक येथे संभवते. ते गुणोत्तर भूसंपर्क बिघडवून नव्हे, तर पायथ्याशी जुळणी-परिपथ बसवून कमी करावयाचे असते.

रचनेतील उपाय :
१) शिरोभार : पायथ्याशी कॉइल असलेल्या आखूड दांड्यात विद्युत् प्रवाह तळाशी सर्वाधिक व टोकाशी शून्य असतो. टोकावर छत्रीच्या काड्यांप्रमाणे तारा पसरल्यास प्रवाह बव्हंशी एकसमान होतो आणि प्रारण रोध जास्तीत जास्त चौपट, म्हणजे सुमारे ५.५ ओहमपर्यंत वाढतो. ऱ्हास तेवढेच धरले तरी कार्यक्षमता २८ टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते. कॉइलही लहान लागत असल्याने तिचा ऱ्हास घटतो.

२) कॉइलची जागा : कॉइल दांड्याच्या मध्यावर नेल्यास तिच्या खालील भागात प्रवाह जवळपास एकसमान राहतो व प्रारण रोध वाढतो, मात्र कॉइल मोठी लागते. जाड तार आणि वेढ्यांमधील योग्य अंतर यांमुळे तिचा ऱ्हास आटोक्यात राहतो.

३) भूसंपर्क : काँक्रीटच्या गच्चीवरून खाली नेलेली अर्थिंगची तार सुरक्षेसाठी आवश्यक असली, तरी रेडिओ वारंवारतेला ती चांगला भूसंपर्क देत नाही. त्याऐवजी दांड्याच्या तळापासून गच्चीवर अनेक तारा चहूबाजूंना पसराव्यात.

४) चुंबकीय वलय : भूसंपर्काची गरज टाळणारा हा पर्याय आहे. २२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे एक मीटर व्यासाचे वलय १४.१ मेगाहर्ट्झवर घेतल्यास त्याचा प्रारण रोध जेमतेम ०.०९ ओहम असतो, पण नळीचा ऱ्हास-रोधही ०.०४५ ओहमच असतो. धारित्र व सांधे यांचा ऱ्हास वगळता कार्यक्षमता ६५ टक्क्यांपुढे जाते. इतक्या अल्प रोधांमुळे एखादा सैल सांधाही हा लाभ घालवू शकतो. १०० वॅटला धारित्रावर पाच हजारांहून अधिक व्होल्ट निर्माण होत असल्याने प्रक्षेपण चालू असताना वलयापासून दूर राहणे अनिवार्य आहे.

मूलभूत मर्यादा :
एच. ए. व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये लहान अँटेनांच्या मर्यादांची सैद्धांतिक मांडणी केली. लहान आकार, रुंद वारंवारता-पट्टा व उच्च कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. वर दिलेले वलय म्हणूनच काही किलोहर्ट्झ सरकताच पुन्हा जुळवावे लागते. हा अरुंदपणा गैरसोयीचा असला तरी तो अल्प ऱ्हासाचे लक्षण आहे. एखादी चिमुकली अँटेना जुळणी न बदलता संपूर्ण पट्ट्यात उत्तम गुणोत्तर दाखवीत असेल, तर शक्ती उष्णतेत जात असल्याचा संशय घ्यावा.

निष्कर्ष :
आखूड अँटेना निरुपयोगी नसते. ९ टक्के कार्यक्षमता म्हणजे सुमारे साडेदहा डेसिबलची घट. सहा डेसिबलचे एक एस-एकक धरल्यास ती दोन एककांहून कमी भरते. वातावरण अनुकूल असता एवढ्यावरही दूरचा संपर्क साधतो. मात्र आपत्तीच्या वेळी, संकेत आधीच क्षीण असताना, हीच घट संदेश पोहोचणे आणि न पोहोचणे यांतील अंतर ठरू शकते. म्हणून अँटेनाचा आराखडा करताना प्रथम प्रारण रोध वाढविणे, त्यानंतर कॉइल व भूसंपर्क यांतील ऱ्हास कमी करणे आणि शेवटी जुळणी साधणे, हा क्रम पाळणे श्रेयस्कर ठरते. केवळ मापकाच्या काट्यावर समाधान मानणाऱ्याला अँटेना किती शक्ती बाहेर टाकते हे कळत नाही. प्रक्षेपकाला भार मानवला, एवढेच कळते.