मावशीची गाठ, लेकीची गाठ

म्हैसूरच्या मावशीची पिशवी काढली ते साल 1996. ती तेव्हा चाळिशीत होती. दोन वर्षं अंगावरून जात होतं, हिमोग्लोबिन सातावर आलं होतं, देवघरात उभं राहिलं तरी धाप लागायची. नुसती गाठ काढून पिशवी राखता येईल का, हे तिला कुणी विचारलंच नाही. अलीकडे तिच्या लेकीच्या सोनोग्राफीत तशीच गाठ निघाली, तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "माझ्याकडूनच आली का गं तिला?"

संशोधकही हाच प्रश्न घेऊन बसले होते. गर्भाशयातल्या अशा गाठी म्हणजे फायब्रॉइड. त्या पोसतात ते इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर; पाळी गेली की बहुधा आक्रसतात. पण हार्मोन रक्तात असून भागत नाही, त्याला धरून घेणारा रिसेप्टर पेशीत लागतो. मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जीन 1986 साली हाती आला आणि पुढे बायका-बायकांमध्ये त्यात डीएनएच्या अक्षरांचे फरक सापडले.

आपल्याकडे हैदराबादच्या संशोधकांनी 2009 साली यातला एक फरक तपासला. पद्धत साधी: रक्तातला डीएनए घ्यायचा आणि त्यावर पीव्हीयू-टू हे एन्झाइम सोडायचं. ठरलेल्या जागी 'टी' असेल तर ते धागा कापतं, 'सी' असेल तर धागा अखंड राहतो; जेलवर पट्ट्या उमटल्या की निकाल समोर. गाठी असलेल्या बायकांत 'सी'चं प्रमाण जास्त दिसलं. इतर देशांत मात्र असा संबंध कधी दिसला, कधी नाही. एका अक्षरावर सगळा भार टाकणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

2011 साली हेलसिंकीहून बातमी आली ती फार मोठी होती. सुमारे 70 टक्के गाठींत मेड-ट्वेल्व्ह या जीनमध्ये बिघाड सापडला, आणि तो आईकडून आलेला नव्हता. गर्भाशयाच्याच एका पेशीत नंतर झालेला होता. पुढे लाखो बायकांचा डीएनए चाळला तेव्हा इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जीनजवळचे फरकही पुन्हा वर आले, पण एकेकाचा परिणाम अगदी थोडा. घराण्यात कल असतो, हे खरंच. आईला गाठी असल्या की लेकीला धोका वाढतो. पण मावशीने स्वतःला दोष द्यावा असं त्यात काही नाही, हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं.

लेकीची गाठ काढली, पिशवी राहिली. यावेळी डॉक्टरांनी आधी तिलाच विचारलं होतं.




मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिमोग्लोबिन किती आहे तिचं?"