निकोटीन आणि चित्तोद्वेग : पूर्वपीठिका प्रयोगशाळेतील उंदरांची
‘तंबाखूने मन स्वस्थ होते,’ असे सांगणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. हे स्वास्थ्य कशाचे, याचा उलगडा प्राणिप्रयोगांतून होतो.

जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच, अधिक चिन्हाच्या आकाराच्या चौकटीवर उंदीर सोडतात. तिच्या दोन भुजा भिंतींनी बंदिस्त, दोन उघड्या. चित्तोद्वेग वाढलेला उंदीर उघड्या भुजांवर जाण्याचे टाळतो. त्वचेखालील सूक्ष्म पंपाने अनेक दिवस अखंड निकोटीन देऊन ते एकाएकी थांबविल्यास हे टाळणे वाढते. दीर्घ सेवनाने मेंदूतील निकोटीन-ग्राहींची संख्या वाढलेली असते. पुरवठा तुटताच ताणाशी निगडित सीआरएफ हे द्रव्य अमिग्डालात अधिक स्रवते, असे २००७ साली उंदरांत आढळले. मात्रा, वंश व लिंग यांनुसार निष्कर्ष बदलतात, हेही ध्यानी ठेवावे.

म्हणजे पुढची चिमूट बव्हंशी आधीच्या चिमटीने निर्माण केलेली अस्वस्थताच शमविते. माणसांतही सोडल्यानंतर काही आठवड्यांनी चिंता घटते, असे २६ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित परीक्षणात दिसले.

आपल्या परिभाषेत हे ओकसात्म्य होय. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडविण्याचा पादांशिक क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात आहे; अर्थात चरकांस तंबाखू ठाऊक नव्हती. निद्रानाश वा छातीतील धडधड यांवर औषध मागणाऱ्यास, दुकानात असो वा चिकित्सालयात, मिश्री-तंबाखू नुकतीच सोडली काय, हे आधी विचारावे.